जावयाचा ग्राफ

परागने लॅपटॉप सुधारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दीपालीचा प्रोग्राम मरून पडला.

सुधारायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो पुण्याचा, मोठ्या कंपनीतला, आणि या घरचा एकुलता एक जावई. अधिक महिना लागला होता, म्हणून वंदनाबाईंनी धाकट्या लेकीला, रसिकाला, आणि तिच्या नवऱ्याला वाणासाठी हैदराबादला बोलावून घेतलं होतं. अधिकात जावई म्हणजे नारायण. त्याचे पाय धुवायचे, त्याला दिवा आणि तेहतीस अनारसे द्यायचे, आणि तो जे बोलेल ते गोड मानून घ्यायचं. विद्यानगरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी संध्याकाळी हा नारायण चहा पीत बसला होता, तेव्हा त्याची नजर मोठ्या मेहुणीच्या लॅपटॉपवर पडली.

"ताई, हे पायथन कुठल्या जमान्यातलं आहे?"

"चालतंय ना," दीपाली म्हणाली.

"चालतंय काय, याचा सपोर्ट कधीच संपला. द्या इकडे, नवं टाकून देतो."

"नको, राहू दे."

"दे ना गं," वंदनाबाई आतून म्हणाल्या. "एवढ्या आपुलकीनं म्हणताहेत ते."

दीपालीने दिला. दीपालीचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता ते पायथन परागने नवं टाकलं, जुनं उचकटून काढलं, "कचरा कशाला ठेवायचा" असं म्हणाला आणि चहाचा उरलेला घोट घेतला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. दुसऱ्याच्या चालत्या वस्तूला हात घालणाऱ्यांच्या मनात कधीच वाईट काही नसतं, तेच तर दुखणं आहे.

हा लॅपटॉप म्हणजे दीपालीचं पोट होतं. वय चव्वेचाळीस, लग्न नाही, कोठी भागातल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. तिथलं तपासणीचं यंत्र जुनं, बटणं फिरवून आवाज सोडायचं, छापून काही देत नसे. आकडे हाताने लिहायचे आणि फॉर्मवर टिंबं जोडून रेघ काढायची. एका मुलाचं टिंब चुकीच्या चौकटीत पडलं आणि त्याच्या आईने दोन दिवस जेवण सोडलं, तेव्हा दीपालीने ठरवलं की रेघ काढायचं काम माणसाच्या हातात ठेवायचं नाही. दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरमध्ये चौकशीला गेली. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "मॅडम, मुलासाठी बघताय का?" ती तशीच परत आली आणि घरी बसून, फुकटचे व्हिडिओ बघत, चुकत, शिव्या घालत स्वतः शिकली. आकडे टाका, ग्राफ बाहेर. गेली कित्येक वर्षं दवाखाना त्यावर चालला होता.

या ग्राफची एक गंमत होती. कानाचा ग्राफ जगभर डोक्यावर उभा असतो. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक; शून्य वर, मोठे आकडे खाली. रेघ वर शून्याजवळ आडवी राहिली तर कान ठणठणीत. आवाज जितका मोठा करावा लागेल तितकी रेघ खाली. खोल गेलेली रेघ म्हणजे खोल गेलेला कान. का असं, ते विचारू नका, पहिल्यांदा कोणीतरी तसं काढलं आणि मग सगळ्यांनी तसंच काढलं. दीपालीला ग्राफ उलटा करण्याचा सरळ मार्ग माहीत नव्हता. शिकवायला होतं कोण? म्हणून तिने प्रत्येक आकड्याच्या आधी उणे लावलं होतं, आणि बाजूची लेबलं हाताने लिहून ते उणे झाकलं होतं. अडाणी काम. पण चोख चालायचं.

आणि नेमका त्या शनिवारी त्या प्रोग्रामवर नानांचा निकाल लागायचा होता.

नाना म्हणजे नरहर कंधारकर, दीपालीचे वडील. सगळी उमर कोर्टात पेशकार म्हणून गेली. उर्दू, तेलुगू, मराठी, कुठलाही कागद अडखळल्याशिवाय वाचून साहेबासमोर ठेवणारा माणूस. गेली चार वर्षं त्यांचे कान जात होते आणि ते कबूल करत नव्हते. चारचौघांत सगळे हसले की मग हसायचे, अर्धा क्षण उशिरा. कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत जाऊन तासन्‌तास भाव करायचे ते बंद झालं होतं. कारण भाव ऐकू येईना, आणि पुन्हा विचारायची लाज. घरात सगळे ओरडून बोलायचे. दीपाली सगळ्यात जास्त ओरडायची, कारण सगळ्यात जास्त तीच त्यांच्याशी बोलायची. ओरडून ओरडून तिचा आवाज फाटला होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणायचे, बाई, जरा हळू, इथे मी बहिरा नाही.

मशीन घाला म्हटलं की नाना उठून जायचे. त्यांचंही बरोबर होतं. डोळ्यावर चष्मा लावला की माणूस हुशार दिसतो, कानात मशीन घातलं की त्याच माणसाशी लोक बाळाशी बोलावं तसं बोलतात. आंधळ्याला हात धरून रस्ता पार करून देतात आणि बहिऱ्याची नक्कल करतात. दीपालीने हे रोज बघितलं होतं, दवाखान्याच्या दारात, बहिऱ्यांच्या स्वतःच्या भावांना आणि सुनांना करताना.

चार वर्षं तिने विनवलं, काही झालं नाही. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला पराग नुसतं म्हणाला, "नाना, उद्या मी गाडीने नेतो तुम्हाला, एकदा बघून तर घेऊ," आणि नाना तयार झाले. अधिकातल्या जावयाला नाही कसं म्हणणार? दीपालीने तो अपमान वरणभाताबरोबर गिळला. पण नानांनी अट घातली, कोर्टाची.

"एकदाच तपासणी. कागदावर आलं तर मी मशीन घालतो, चूपचाप. नाही आलं तर या घरात हा विषय पुन्हा नक्को. मरेपर्यंत. मंजूर?"

"मंजूर," दीपाली ओरडली.

"परागराव, तुम्ही गवाह."

"हौ," पराग म्हणाला. दोन दिवसांत तेवढं हैदराबादी तो शिकला होता.

शनिवारी सकाळी दवाखान्यात दीपालीने लॅपटॉप उघडला आणि पडदा लाल अक्षरांनी भरला. ग्राफची लायब्ररी सापडत नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड. रेघा, रंग, चौकटी ती काढते, आपण नुसते आकडे द्यायचे. आता ही लायब्ररी राहत होती जुन्या पायथनच्या घरात, आणि घर पाडताना आत कोण राहतं हे बघायची कोणाला गरज वाटली नव्हती. बाहेर बाकावर आया पोरांना घेऊन बसल्या होत्या. तिने फोनचं इंटरनेट जोडलं आणि लायब्ररी नव्याने घातली. मग दुसरा एरर. आकडेमोड करणारी लायब्ररी एका काळातली, ग्राफवाली दुसऱ्या काळातली, दोघींचं एकमेकींशी जमेना. तिने दोन्ही काढल्या आणि एकत्र परत घातल्या. जमलं. मग तिसरा. ग्राफचा जो पेहराव तिने निवडला होता त्याचं नावच नव्या आवृत्तीत बदललं होतं. शोधलं, बदललं. तिला जरा बरंही वाटलं. शिकलेल्यांच्या सुधारणेत अडकून ती आपल्या बळावर तीन दारं उघडून आली होती.

चौथ्या दाराशी गाडी अडली. लेबलं आणि खुणा यांची संख्या जुळत नाही. हाताने लिहिलेली ती लेबलं नव्या लायब्ररीला चालेनात. इतक्यात पराग आणि नाना दारात. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तारखेला हजर व्हावं तसा.

"पराग, जरा बघता का," ती म्हणाली. "तुमच्याच कृपेने बंद पडलंय."

"दोन मिनिटं, ताई," तो हसत म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

तिने नानांना तपासणीच्या खोलीत नेलं. खोली कसली, कपाटच. आत एक खुर्ची, कानांवर हेडफोन, आणि मधे काच. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच. जाड आवाजांना नानांचं बोट वर येत होतं. मग ती बारीक आवाजांकडे गेली आणि बोट मांडीवर पडून राहिलं. तिने आवाज वाढवला. बोट नाही. आणखी वाढवला. नानांनी काचेतून तिच्याकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते, आणि अंदाजाने बोट वर केलं. त्या वेळी ती काहीच वाजवत नव्हती. तिने मान खाली घातली आणि थांबली. नानांनी बोट हळूच परत ठेवलं. मग हेडफोन काढून बंद पडलेल्या घड्याळासारखा झटकला आणि पुन्हा घातला.

तिने कागदाच्या कपट्यावर आकडे लिहिले. बाहेर एक पोर आधीच किंचाळत होतं, दोन वर्षांचं, आज त्याला सोडलं तर त्याच्या आईचा आणखी एका दिवसाचा पगार बुडणार.

"हे आकडे घाला," तिने कपटा परागच्या हातात दिला. "चालू झालं का?"

"झालं, मस्त. तुम्ही जा."

पोराला शांत करून ती बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. शिपाई म्हणाला, जावईसाहेब प्रिंट काढून म्हाताऱ्यांना घेऊन गेले. गाडी रस्त्यात होती. कोठीत गाडी उभी करून कोण थांबतं?

लॅपटॉपच्या पडद्यावर नानांचा ग्राफ उघडाच होता. रेघ डावीकडून उजवीकडे झोकात वर चढत गेली होती.

दीपालीला कळायला एक नजर पुरली. तिने कोड उघडला. तिचं उणे गायब होतं. त्या जागी परागने एक ओळ लिहून ठेवली होती, "ग्राफ उलटा येत होता, सरळ केला," आणि पुढे हसरा चेहरा. लेबलांचा एररही त्याने मुळासकट काढला होता, लेबलंच काढून. लायब्ररीने मग आपली साधी लेबलं लावली, शून्य खाली, मोठे आकडे वर, जसं शाळेत शिकवतात तसं. आकडे सगळे खरे होते. फक्त बहिरेपण शिखरावर जाऊन बसलं होतं.

नशीब, पोरांचे कागद अजून छापले नव्हते. तिने उणे परत घातलं. आधी खुणा ठरवायच्या आणि मग त्यांना लेबलं चिकटवायची, हेही शोधून काढलं. कोड दुरुस्त झाला. नानांच्या खिशातला कागद तिथून कसा दुरुस्त करणार?

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नाना खाली वॉचमनला तो कागद दाखवत होते. चेहरा दहा वर्षांनी लहान झालेला.

"ये, ये. फैसला बघितलास? परागराव म्हणाले, ग्राफ चढता आहे. या उमरीत चढता."

"नाना, तो कागद उलटा आहे," ती ओरडली.

"हरलेला पक्ष नेहमी म्हणतो कागद खोटा आहे."

"मी नवीन काढून आणलाय, हा बघा."

"तो तू आणणार हे मला माहीत होतं." त्यांनी नव्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "एक तपासणी, एक कागद. तू मंजूर म्हणालीस, गवाह आहे. अपील नाही."

वॉचमन हसला. नाना अर्धा क्षण उशिरा हसले.

स्वयंपाकघरात वंदनाबाई अनारशांचं पीठ मळत होत्या. दीपालीने सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे नानांना..."

"अर्धं बोलणं पोचत नाही त्यांच्यापर्यंत, आई. पोचल्यासारखं दाखवतात."

वंदनाबाईंनी पिठावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या वाण आहे. परवा ते दोघं गेले की बघू."

"परवा माझं कोण ऐकणार? ज्याने कागद दिला त्यानेच सांगायला पाहिजे."

"वाणाच्या दिवशी जावयाला सांगू, तुमचं चुकलं म्हणून? रसिका पुढचं वर्षभर माझ्याशी बोलणार नाही."

"आणि नाना? ते जन्मभर..."

"हळू बोल गं. ऐकतील ते."

"कोण, नाना?" दीपाली म्हणाली.

रविवारी सकाळी तुपाचा वास जिन्यापर्यंत गेला होता. पराग स्वयंपाकघरात आला आणि उत्साहाने वंदनाबाईंच्या हातातला झारा घेऊन कढईपाशी उभा राहिला. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा असतो आणि उलटायचा नसतो. परागने उलटला. वंदनाबाईंच्या तोंडून हुंकार निघाला आणि तिथेच विरला. अनारसा तुपात हसला, फुटून जाळी जाळी झाला, खसखस तळाशी जाऊन काळी पडली.

"असंच असतं का हे?" परागने विचारलं.

"हो, हो," वंदनाबाई म्हणाल्या. "छान झालाय."

दारात उभ्या दीपालीने हे बघितलं आणि तिला कळलं की आपली आई या माणसाला कधीच काही सांगणार नाही. ती म्हणाली, "पराग, जरा बाल्कनीत या."

बाल्कनीत तिने दोन्ही कागद कठड्यावर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. अर्धं होईपर्यंत पराग मान हलवत होता.

"ताई, पण आकडे तर बरोबर आहेत. बाजूला लिहिलेत."

"आकडे कोण बघतं?"

"बघायला पाहिजेत."

"तुम्ही बघितलेत? नानांना चढता आहे म्हणालात तेव्हा?"

पराग कठड्यावरून वाकला. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होईना.

"प्रत्येक आकड्याला उणे होतं," तो वळून म्हणाला. "मला वाटलं अपग्रेडमध्ये काहीतरी बिघडलंय. असं कोण लिहितं? मुद्दाम केलंय तर वर एक ओळ लिहायची होती ना."

"आणि तुम्ही विचारायचं होतं ना. मी काचेपलीकडे होते, अमेरिकेत नव्हते."

यावर त्याने सबब शोधली नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. त्याने नानांचा खरा कागद उचलला आणि पहिल्यांदा नीट वाचला. उजवीकडे रेघ जवळजवळ तळाला टेकली होती.

"हे एवढं आहे?"

"एवढं आहे."

"काल गाडीत मी सगळा वेळ बोलत होतो. ते हो हो म्हणत होते." त्याने कागद खाली ठेवला. "मी आत्ता जाऊन सांगतो."

"काय सांगाल? मी शिकवलं म्हणतील. कोर्टातला माणूस आहे, पढवलेला साक्षीदार लगेच ओळखतो. तुम्हाला कागदच ठेवावा लागेल त्यांच्यासमोर." ती थांबली. "तुमचा स्वतःचा."

परागला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो हसला, मग हसायचा थांबला. "म्हणजे माझे कान तपासायचे आणि..."

"आणि तुम्ही सरळ केलेल्या ग्राफवर काढायचे. तुमच्या रीतीने."

शाळांमध्ये न्यायचं छोटं यंत्र दीपालीच्या बॅगेत असायचंच. मागच्या खोलीत पंखा बंद करून, रसिकाला बाहेर गप्प बसवून तिने परागचे कान तपासले. कान उत्तम होते. मग तिने आपल्याच हाताने, दात आवळून, ते उणे पुन्हा पुसलं. प्रिंट खालच्या झेरॉक्सवाल्याकडून आणली.

वाण झालं. पाय धुतले, दिवा दिला, अनारसे दिले. जेवणं झाली. नाना आरामखुर्चीत बसले, चढता कागद अजून शर्टाच्या खिशात. पराग समोर वेताच्या मोड्यावर बसला आणि त्याने आपला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हा कोणाचा?" नानांनी विचारलं.

"माझा, नाना," पराग मोठ्याने म्हणाला. "आज सकाळी तपासले."

वंदनाबाई दारातच थबकल्या, हातात रिकामं ताट. नानांनी खिशातला कागद काढून शेजारी धरला. एक रेघ छताला चाललेली. दुसरी जमिनीवर झोपलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नानांनी चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांचा चेहरा बदलला. ते पुढे सरकले आणि त्यांनी परागच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"परागराव. या वयात?"

 परागने इथेच खरं सांगायचं ठरलं होतं, पण तो हात आल्यावर तो त्या हाताकडेच बघत राहिला.

"दिवसभर तो हेडफोन लावून बसता, त्यानेच," नाना म्हणाले. त्यांना वाटलं ते हळू बोलताहेत. समोरच्या फ्लॅटच्या खिडकीत एक बाई येऊन उभी राहिली. "रसिकाला माहीत आहे? नसेल तर सांगा. घरातल्या माणसाला फसवू नका. आणि मशीन घ्या, आजच. लाज कसली त्यात? लोक हसतील दोन दिवस. दोन दिवस हसून लोक दमतात. माणूस एकटा पडतो ते वाईट, परागराव. सगळे बोलत असतात आणि आपण त्यांची तोंडं बघत बसतो. ते फार वाईट."

 रसिकाने पदर तोंडाशी नेला होता. दीपाली भिंतीला टेकून उभी होती. चार वर्षांत नानांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

"नाना," पराग म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, "नाना, माझे कान चांगले आहेत. हा ग्राफ मी उलटा केलाय. काल चूक माझी झाली. यात जो खाली आहे त्याला ऐकू येतं. जो वर आहे..."

"अहो, आज कशाला हे सगळं," वंदनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

नानांनी हात मागे घेतला. आधी जावयाकडे बघितलं, मग कागदाच्या बाजूचे आकडे बोट ठेवून वाचले, खालून वर, पेशकाराने वाचावेत तसे एकेक. मग आपला कागद घेतला आणि डोकं खाली पाय वर असा धरला. बराच वेळ धरला.

"तू शिकवलंस यांना," ते दीपालीला म्हणाले.

"यंत्र माझं. कागद त्यांचा. बयान तुमचं," दीपाली ओरडली.

नानांच्या मिशीखाली काहीतरी हललं, हसू होतं की राग ते सांगता आलं नसतं. "भर सभेत, माझ्याच तोंडून, माझ्याविरुद्ध. आणि गवाह समोरच्या घरापर्यंत." त्यांनी खिडकीतल्या बाईकडे बघून हात हलवला, ती आत पळाली. मग कागदावर उजव्या टोकाला बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथे काय असतं?"

दीपाली जवळ जाऊन बसली. "बारीक आवाज. स, श, त. लहान मुलं. बायका."

"तुझा?"

"माझा पण."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. परागला म्हणाले, "तुमचं वाण आम्हाला महागात पडलं, जावईबापू." मग जरा थांबून, "उठा, तो फुटलेला अनारसा कुठाय? तोच आणा मला. तुमच्या हातचा आहे म्हणे."

सोमवारी दीपालीने कोडमध्ये उणे परत घातलं आणि त्याच्या वर एक ओळ लिहिली. हे उणे मुद्दाम आहे, हात लावण्याआधी दीपालीला विचारा. जाण्याआधी परागने जुनं पायथनही शेजारी नीट बसवून दिलं, या वेळी विचारून. पुण्याला पोचल्यावर त्याचा मेसेज आला, ताई, ग्राफ उलटा करायला एक ओळ पुरते, पाठवू का? तिने लिहिलं, पाठवा. मग पुन्हा लिहिलं, पण लावीन मी.

मंगळवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून कोठीला आले, बसने, एकटे. तिने मशीन त्यांच्या कानामागे बसवलं, नळी आत सरकवली, चालू केलं आणि समोर येऊन उभी राहिली.

"नाना, ऐकू येतंय का?"

नानांनी तोंड वाकडं केलं आणि कानावर हात नेला. "दवाखाना आहे हा. एवढ्या मोठ्याने कोण बोलतं?"

तिने स्वतःचा आवाज कमी केला. "आता?"

"अजून मोठा आहे."

तिने आणखी कमी केला, पण घशातून नुसती हवा आली. चार वर्षांत तो आवाज तिने वापरलाच नव्हता, कुठे ठेवलाय तेच आठवेना. बाकावरच्या आया बघत होत्या. ती पाणी प्यायली आणि तिने पुन्हा सुरुवात केली, थोडी खरखर, थोडी वर, मग हळूहळू खाली, एकेक पायरी, तपासताना आवाज उतरवावा तशी.

"नाना."

नानांनी बोट वर केलं.

"नाना," ती त्याहून हळू म्हणाली.

बोट पुन्हा वर.

ती काउंटरकडे वळली, पाठ त्यांच्याकडे, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बसचा पास जपून ठेवलात का, परत जाताना गोंधळ घालाल."

मागून उत्तर यायला अर्धा क्षणही लागला नाही.

"परत कशाला जातोय? पुस्तकांच्या गल्लीत जायचंय मला."